व्हिसाची फाईल आणि काटोलची संत्री : वाचकांचे प्रश्न

संक्रांत झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. नवतपा नागपुरात काढण्यापेक्षा तेवढे दिवस युरोपात काढावेत, असे ज्यांच्या मनात येते त्यांना जानेवारीतच व्हिसाची चिंता लागते, आणि ती लागलेली बरी. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक शेंगेन व्हिसाविषयी, म्हणजे युरोपातील 29 देशांमध्ये अल्पकाळ राहण्यासाठी मिळणाऱ्या एकाच सामाईक परवान्याविषयी आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून मे महिन्यात पॅरिसमध्ये चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री आणि इटलीत तीन रात्री राहण्याचा विचार आहे. जमल्यास मधले दोन दिवस लंडनही पाहावे असे वाटते. अर्ज नेमका कोणत्या देशाकडे करायचा? तिकिटे आधी काढावीत का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : ज्या देशात आपला मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज, हा मूळ नियम आहे. आपल्या आखणीत फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या रात्री सारख्याच आहेत. अशा वेळी शेंगेन क्षेत्रात आपण प्रथम ज्या देशात पाऊल ठेवणार, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. विमान पॅरिसला उतरणार असेल तर फ्रान्स. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करून मुक्काम मात्र दुसरीकडे करायचा, हा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नये.

लंडनचे प्रकरण वेगळे आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र व्हिसा, स्वतंत्र शुल्क आणि स्वतंत्र फाईल लागेल. शिवाय पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा शेंगेन क्षेत्रात परतायचे असेल तर आपला शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असायला हवा आणि तशी मागणी अर्जातच करायला हवी. दोन दिवसांच्या लंडनसाठी एवढा व्याप करावा का, हे आपण ठरवावे. मी असतो तर ते दोन दिवस इटलीला दिले असते.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. निर्णयासाठी साधारण 15 दिवसांची मुदत असली तरी काही प्रकरणांत ती 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. या काळात आपला पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो, हे विसरू नये. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो असून अर्ज केंद्राचा सेवा आकार त्याहून वेगळा भरावा लागतो, आणि व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. विमानाची तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत पक्की करू नयेत. जाण्यायेण्याचे आरक्षण दाखवणे पुरेसे असते. हॉटेलेही अशी निवडावीत की वेळ आल्यास विनामूल्य रद्द करता येतील.

विम्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण पहिल्या फाईलच्या वेळी माझी स्वतःचीच फजिती तेथे झाली होती. प्रवास-वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असणारा हवा, एवढे मला ठाऊक होते. परतीचे विमान मध्यरात्रीनंतर सुटणारे होते आणि मी विमा मात्र आदल्या तारखेपर्यंतचाच काढला होता. रात्रभर गाडीत बसून मुंबईच्या अर्ज केंद्रात पोहोचलो आणि खिडकीपलीकडच्या मुलीने दोन कागद शेजारी ठेवून, एका तारखेवर पेनाचे टोक टेकवून, माझ्याकडे नुसते पाहिले. विमा त्याच दुपारी वाढवून घेतला, परंतु परतीची गाडी चुकली. तेव्हा तिकीट, हॉटेल, विमा आणि अर्ज या चारही ठिकाणच्या तारखा घरूनच एकदा बोट ठेवून जुळवाव्यात.

प्रश्न : काटोलजवळ माझी अकरा एकर संत्र्याची बाग आहे. उत्पन्न आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याच्या, फळांच्या तोडणीला एकदम येते आणि वर्षातील बाकीचे महिने खात्यात फारसे काही नसते. आयकर विवरणपत्रात दाखवण्याजोगे दुसरे उत्पन्न नाही. मे महिन्यात पत्नीसह ऑस्ट्रियाला जायचे आहे. नागपुरातील एक एजंट म्हणतो की मेहुण्याकडून चार लाख घेऊन महिनाभर खात्यात ठेवा, म्हणजे काम होईल. तसे करावे का? (काटोल)

उत्तर : करू नये. आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण शेतकऱ्यांच्या बाबतीत हीच चूक वारंवार करवून घेतली जाते आणि तिची खरे म्हणजे काहीच गरज नसते.

आपली फाईल तपासणारा अधिकारी काटोलला कधी आलेला नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतात आणि त्यांवरून त्याला मुख्यतः दोन गोष्टी ठरवायच्या असतात : या माणसाकडे जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च आहे का, आणि हा माणूस मुदतीत परत जाईल का. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो केवळ शेवटची शिल्लक पाहत नाही. पैसा कोठून आला, केव्हा आला आणि कसा खर्च झाला, हे तो ओळीओळीने पाहू शकतो. महिनोन्महिने पंधरावीस हजारांवर असलेल्या खात्यात अर्जापूर्वी तीन आठवडे अचानक चार लाख जमा झाले, तर ते पैसे कोणाचे, हा प्रश्न त्याला पडणारच. त्याचे उत्तर आपल्या फाईलमध्ये नसते, आणि एकदा एका कागदावर शंका आली की बाकीचे खरे कागदही त्याच शंकेने वाचले जातात.

याउलट आपली खरी परिस्थिती सांगण्यासारखी आहे, फक्त ती त्याला समजेल अशी सांगायला हवी. पैसा वर्षातून एकदाच का येतो, हे व्हिएन्नातल्या माणसाला माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात दोन परिच्छेदांत लिहावे की संत्र्याला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते, ते फळ ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येते आणि वर्षाचे उत्पन्न त्या वेळी एकरकमी हाती पडते. त्यामुळे स्टेटमेंट नेहमीच्या तीन किंवा सहा महिन्यांचे न देता पूर्ण वर्षाचे, शक्य असल्यास दोन वर्षांचे द्यावे, म्हणजे दर हंगामात तीच चढण आणि मग तोच हळूहळू उतार त्याला दिसेल. नियमित नसलेले उत्पन्नही असे नियमित दिसू शकते.

त्यासोबत सातबारा आणि आठ-अ जोडावा. कळमन्याच्या बाजारात माल नेला असेल तर आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, असेल, तीही जोडावी. व्यापाऱ्याने बाग झाडावरच घेतली असेल तर सौद्याची चिठ्ठी आणि त्याच्याकडून खात्यात आलेल्या रकमेची नोंद जोडावी. सौद्याचा काही भाग रोखीने मिळाला असेल आणि आपण तो नंतर बँकेत भरला असेल, तर तेही तसेच लिहावे. हे सर्व कागद मराठीत असणार, म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतर लागेल. सातबाऱ्यावरील गट क्रमांक आणि क्षेत्र भाषांतरात अचूक उतरले आहे ना, हे स्वतः पाहावे, कारण हेक्टर-आरचे एकर करताना आकडा चुकलेली भाषांतरे मी पाहिली आहेत. मग सर्व पानांना क्रमांक घालावेत आणि पत्रात सरळ लिहावे : ‘9 डिसेंबर रोजी जमा झालेली रक्कम संत्र्याच्या विक्रीची असून पट्टी पान 14 वर आहे.’ अशा एका वाक्याने जे साधते ते मेहुण्याच्या चार लाखांनी साधणार नाही.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, ही गोष्टही पत्रात एका वाक्यात नमूद करावी. नाहीतर विवरणपत्राचा अभाव म्हणजे उत्पन्नाचा अभाव, असा अर्थ निघू शकतो. सनदी लेखापालाकडून उत्पन्नाचा दाखला घेता आला तर उत्तमच.

आता परत येण्याचा मुद्दा. नोकरदार माणूस रजेचे पत्र देतो. आपल्याला रजा देणारा कोणी नाही, परंतु ओढून आणणारी बाग आहे. मे महिन्याच्या उन्हात आंबिया बहाराची फळे झाडावर असताना पाणी चुकवून चालत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. ते दहाबारा दिवस पाणी कोण देणार, भाऊ की सालदार, हे पत्रात अवश्य लिहावे. मोघम हमीपेक्षा अशा तपशिलातून माणूस परत येणार हे अधिक पटते.

आणि मेहुण्याला खरोखरच खर्चात मदत करायची असेल, तर तसे उघड करावे : त्याचे पत्र, त्याचे स्टेटमेंट, त्याच्याशी असलेले नाते दाखवणारा कागद. मदत घेण्यास कोणाची हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत असून तिचे बाळंतपण जुलैमध्ये आहे. मला सहा महिने राहता येईल का? पर्यटक म्हणून अर्ज करावा की कसा? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : या व्हिसावर सहा महिने राहता येणार नाही. कोणत्याही 180 दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त 90 दिवस, अशी मर्यादा आहे, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा, असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. तीन महिने म्हणजे 90 दिवस असे धरून 1 जुलैला गेलेली व्यक्ती 30 सप्टेंबरला निघाली, तर तिचे 92 दिवस भरतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून तेथील सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टवरील पुसट शिक्क्यावर वेळ मारून नेण्याचे दिवस आता संपले. चार दिवस सीमेबाहेर जाऊन आले की पुन्हा मोजणी शून्यापासून सुरू होते, असेही नाही. प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस पाहिले जातात. अनेक कुटुंबांत आधी आई आणि मग सासूबाई अशी पाळी लावतात, तो मार्ग व्यवहार्य आहे. दोन्ही विहिणींचे जमत असेल तर फारच छान.

अर्जात प्रवासाचा उद्देश पर्यटन न लिहिता कुटुंबीयांना भेटणे असा लिहावा. बाळंतपणासाठी जाण्यात लपवण्यासारखे काहीही नाही. मुलीचे किंवा जावईबापूंचे निमंत्रणपत्र, त्यांचा तेथील वास्तव्याचा परवाना आणि मुलीशी असलेले नाते दाखवणारा जन्मदाखला जोडावा. आपला खर्च ते करणार असतील तर जर्मनीत त्यासाठी ‘फरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचे रीतसर हमीपत्र असते. ते मुलीला किंवा जावयाला तेथील परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन करावे लागते. शब्द उच्चारता आला नाही तरी चालेल, जावईबापूंना लिहून पाठवावा. त्या कार्यालयाची वेळ मिळायलाच बराच काळ लागू शकतो, म्हणून हे काम सर्वांत आधी.

पुढेही नातवंडांना भेटायला जाणे होणारच. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी घेतलेल्या निर्णयानुसार, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी. 90 दिवसांची मर्यादा तेव्हाही तीच राहते.

प्रश्न : गेल्या वर्षी माझा शेंगेन व्हिसा नाकारला गेला. एजंटने जोडलेली हॉटेलची आरक्षणे अर्ज दाखल होताच रद्द केली होती, हे मला नंतर कळले. आता दुसऱ्या देशाकडे अर्ज करताना हे सांगावे का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : सांगावे. शेंगेन देशांची व्हिसाविषयक माहिती एकाच यंत्रणेत साठवली जाते आणि नकाराची नोंदही त्यात वर्षानुवर्षे राहते. देश बदलल्याने ती पुसली जात नाही. ब्रिटन व अमेरिकेच्या अर्जांत तर पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, असे थेट विचारलेले असते, आणि तेथे खोटे उत्तर देणे हे मूळ नकारापेक्षा कितीतरी महागात पडते.

नकारासोबत आपल्याला ठरावीक नमुन्यातील पत्र मिळाले असेल, त्यात कारणांपुढे खुणा केलेल्या असतात. ज्या कारणापुढे खूण आहे, तेवढ्याच कारणाचे उत्तर नव्या फाईलमध्ये द्यायचे असते. अपिलाचा हक्क आहे, त्याची मुदत पत्रातच असते. परंतु आपल्या प्रकरणात कागद खरोखरच सदोष होते, त्यामुळे अपिलापेक्षा नवा अर्ज बरा. त्यासाठी ठरावीक काळ थांबण्याचे बंधन नाही. नव्या पत्रात झालेला प्रकार चार ओळींत लिहावा, एजंटवर पानभर राग काढू नये, कारण अर्जावर सही आपली होती. या वेळी आरक्षणे स्वतः करावीत आणि व्हिसा मिळाल्यावरही हॉटेल बदलले तर त्याचा पुरावा प्रवासात जवळ ठेवावा.

प्रश्न : माझ्या पासपोर्टची मुदत सप्टेंबरमध्ये संपते. जूनमध्ये प्रवास आहे. चालेल का? आणि बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येक वेळी मुंबईला जावे लागते का? (वर्धा रोड, नागपूर)

उत्तर : शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असायला हवा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. जूनच्या अखेरीस परतणार असाल तर आपल्या पासपोर्टची मुदत काही दिवसांसाठी कमी पडू शकते. नागपुरातच पासपोर्ट कार्यालय आहे. आधी नूतनीकरण करून घ्यावे आणि मगच अर्ज करावा. जुन्या पासपोर्टवर पूर्वीचे व्हिसा असतील तर तोही फाईलसोबत न्यावा.

ठसे एकदा दिले की 59 महिन्यांपर्यंत पुढच्या शेंगेन अर्जांसाठी ते वापरता येतात. बारा वर्षांखालील मुलांना ते द्यावे लागत नाहीत. महाराष्ट्रातील रहिवाशांना बहुतेकदा मुंबईचे केंद्र येते, तरी प्रत्येक देशाची व्यवस्था निराळी असल्याने अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. आणि घरात लग्न असेल तर मुंबईच्या तारखेआधी बोटांच्या टोकांना मेंदी लावू नये. ठसे नीट उमटत नाहीत आणि पुन्हा बोलावले जाण्याची वेळ येते.