धाडसी प्रश्न विचारून खरंच धंद्याच्या नव्या कल्पना सुचतात का? टीममध्ये असे प्रश्न कसे विचारायचे?

सुचतात. पण तुम्ही ज्यांना धाडसी प्रश्न म्हणताय ते बहुतेक वेळा नुसते चमकदार असतात. "पैशाची अडचणच नसती तर आपण काय केलं असतं?", "आपलं प्रॉडक्ट एखादा प्राणी असतं तर कुठला?" वगैरे. वर्कशॉपमध्ये रंगीत चिठ्ठ्यांवर लिहायला ठीक आहे, दुपार बरी जाते, पण त्यांच्या उत्तराने खोलीतल्या कोणाच्याच पोटात गोळा येत नाही. माझ्या मते प्रश्न धाडसी तेव्हाच, जेव्हा त्याचं खरं उत्तर बाहेर आलं तर समोर बसलेल्या कोणाचं तरी (शक्यतो तुमचंच) काहीतरी जातं. टार्गेट जातं, खुर्ची जाते, नाहीतर वीस वर्षं मिरवलेली अक्कल जाते.

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की तुमचे मॅनेजर म्हणतात, 'प्रश्न नको, सोल्यूशन घेऊन या'. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. अकरा वर्षं ऐकलंय हे वाक्य, याच शब्दांत.

मी एअर कंप्रेसर (कारखान्याला लागणारी दाबाची हवा बनवणारी मशिनं) विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिस करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. एकदा एका कस्टमरकडे रात्री ब्रेकडाऊन आला. गेलो, ऑइल फिल्टर आणि सेपरेटर बदलला, मशीन चालू केलं आणि रिपोर्ट भरायला पॅनलवरचे आकडे उतरवून घेतले. स्क्रू कंप्रेसरच्या पॅनलवर दोन आकडे असतात, एकूण रनिंग अवर्स (मशीन किती तास चाललं) आणि लोड अवर्स (त्यातले किती तास खरंच हवा दिली). रनिंग होते 9,200 आणि लोड 4,100. असे आकडे मी त्याआधी शेकडो रिपोर्टात लिहिले असतील, डोळे झाकून. त्या रात्री का कोण जाणे पेन थांबलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ मशीन हवा देतच नव्हतं, नुसतं फिरत होतं, आणि अनलोडवर असलं तरी ते फुल लोडच्या पाव हिश्श्याच्या आसपास वीज ओढतंच. त्यात पाइपलाइनच्या गळत्या. जुन्या प्लांटमध्ये वीस-तीस टक्के हवा गळतीतच जाते हे या लाइनमधल्या कोणालाही विचारा. रात्री बाकीची मशिनं बंद झाल्यावर तिथे उभं राहिलात तर चहूबाजूंनी सूं सूं ऐकू येतं. आणि गरजेपेक्षा एक साइझ मोठं मशीन त्यांच्या गळ्यात मारलं होतं आमच्याच सेल्सवाल्याने.

सही करताना शिफ्टचा माणूस वैतागून म्हणाला, "आम्हाला मशीन नकोच आहे हो. हवा पाहिजे."

तो बोलून झोपायला गेला असेल, माझी झोप गेली. पुढच्या महिन्यात वर्षाची प्लॅनिंग मीटिंग होती, तीसेक माणसं. मी उठून विचारलं, "पुढच्या वर्षी एकही कंप्रेसर विकायचा नाही असं ठरवलं तर आपले पगार कुठून निघतील?" पहिले हसले सेल्स हेड. मग बाकीचे हसले. आमचे साहेब हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रश्न सगळ्यांनाच पडतात. सोल्यूशन घेऊन या." पुढची स्लाइड.

तुम्हाला खरं सांगतो, त्या 'पुढची स्लाइड'चा राग अजून आहे.

गंमत म्हणजे मशीन न विकता हवाच विकायची ही कल्पना काही अचाट नव्हती. ब्रिस्टल सिडली नावाच्या ब्रिटिश कंपनीने 1962 सालीच विमानाच्या वायपर इंजिनासाठी हा प्रकार काढला होता, दुरुस्ती आणि बदली सगळं आमच्याकडे, तुम्ही उड्डाणाच्या तासाला ठरलेले पैसे द्या. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये गेली आणि त्यांनी तो प्रकार गाजवला. कंप्रेसरमध्येही आज मशीन न विकता हवा युनिटवर विकणाऱ्या कंपन्या आहेत. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, नंतर वाचलं आणि राग दुप्पट झाला.

आणि साहेबांचं आवडतं उदाहरण कुठलं? इंटेल! दर भाषणात. आता इंटेलची ती गोष्ट नीट बघा. 1985 साल. कंपनी उभी राहिली तीच मेमरी चिप्सवर, आणि जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात यांना पार कोपऱ्यात ढकललेलं. कंपनीचा प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह आणि सीईओ गॉर्डन मूर ऑफिसात बसलेत, ग्रोव्ह विचारतो की आपल्याला हाकलून बोर्डाने नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणतो, मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणतो, तर आपणच या दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. साहेब यातलं 'मग त्यांनी प्रोसेसरवर जोर दिला' एवढंच सांगायचे. अहो, पण ग्रोव्ह सोल्यूशन घेऊन आला नव्हता ना! प्रश्न घेऊन आला होता, तोसुद्धा स्वतःला नोकरीवरून काढून टाकणारा. (ते स्वस्तात झालं असंही नाही, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, 1986 ला कंपनी तोट्यात गेली. हा भाग भाषणात येत नाही.)

दुसरं उदाहरण सगळे देतात ते पोलरॉइडचं, म्हणजे लगेच फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याचं. 1943 मध्ये पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, फोटो आत्ताच का नाही दिसत? सांगणारे इथेच थांबतात, जणू मुलीने विचारलं आणि कॅमेरा बाहेर पडला. लँड तोवर कितीतरी वर्षं प्रकाश आणि फिल्म यांतच बुडालेला होता, म्हणून प्रश्न कानावर पडून वाया गेला नाही. तरीही लोकांसमोर प्रात्यक्षिक 1947 ला आणि दुकानात कॅमेरा 1948 च्या नोव्हेंबरात. बरं, त्या पोरीचं काही जाणार नव्हतं म्हणून ती विचारू शकली. आपल्यातल्या कोणाची ती सोय नाही.

तर आमच्याकडे पुढे काय झालं. दोन वर्षांनी एका कस्टमरने सांगितलं की हवा हवीय पण मशीन घ्यायला पैसे नाहीत. क्वार्टर संपत आलेला, सेल्स हेडची गाडी अडलेली, तर तेच म्हणाले की तुझं ते हवेचं काय होतं रे, काढ. मशीन आपण ठेवायचं, फ्लो मीटर लावायचा, घनमीटरवर बिल. सगळे खूश. आणि अकाउंट्सच्या मॅडम, ज्या मीटिंगमध्ये एरवी तोंड उघडत नाहीत, त्यांनी विचारलं, "मग मशीन कोणाच्या नावावर?"

सगळ्यांनी असे चेहरे केले की बाई, आता कुठे धंदा होतोय. मीपण केला, खोटं कशाला बोलू. पण त्या एका प्रश्नाचा धागा ओढला आणि सगळंच उसवलं. मशीन आपल्या नावावर, तर घसारा आपला, पैसे आपले अडकणार. वीज त्यांची, मग मशीन अनलोडवर फुकट फिरलं तर आपल्याला काय फरक पडतो? आणि मीटर लावला की गळलेली हवासुद्धा बिलात येणार, म्हणजे कस्टमरची पाइपलाइन जितकी फाटकी तितकी आपली कमाई! ज्या गळतीवरून मी दोन वर्षं तावातावाने बोलत होतो तिच्यावरच मी धंदा उभा करायला निघालो होतो. शेवटी करार बदलला. महिन्याचा एक ठरलेला आकार आणि वर वापराचा दर, एका घनमीटरला ठरल्यापेक्षा जास्त वीज लागली तर फरक आम्ही भरायचा, आणि दर सहा महिन्यांनी गळत्या शोधून बंद करायचं काम आमच्याकडे. त्यामुळे झक मारत आम्ही स्वतःच साइझने लहान मशीन बसवलं.

चाललं ते. एकाचे चार कस्टमर झाले, मग अडकलेल्या भांडवलापायी गाडी तिथेच थांबली. कंपनीचा कायापालट वगैरे काही नाही. पण ते चार जण नंतर दुसरीकडे गेले नाहीत.

आता तुमचं 'कसे विचारायचे'. सगळ्यांना एकत्र बसवून 'सुचेल ते बोला' करू नका. 1958 सालीच येल विद्यापीठात तपासलंय, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जवळपास दुप्पट भरल्या. आधी प्रत्येकाला एकट्याला कागदावर प्रश्न लिहू द्या, उत्तरं नकोत, मग एकत्र या. आणि प्रश्न वरून मागू नका. जे रिपोर्ट भरतात, बिलं काढतात, शिव्या खाणारे फोन उचलतात, त्यांना विचारा की तुम्हाला रोज दिसतं पण आम्ही कधी विचारतच नाही असं काय आहे. मग गप्प बसा. मॅनेजर लोकांना हे शेवटचं जमत नाही.

एक राहिलं. तुमचं अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याला तीस लोकांसमोर असलं काही विचारू नका, माझं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं. माझ्या प्रश्नात थोडा शो मारायचा भाग होता हेही मान्य. सेल्स हेडचं कमिशन मशीनवर होतं, त्यांना एकटं गाठून विचारलं असतं तर कदाचित दोन वर्षं वाचली असती. आणि प्रत्येक धंद्याला हे लागतंच असंही नाही, कधीकधी मुकाट्याने फिल्टर वेळेवर बदलणं एवढंच काम असतं.

साहेब आता रिटायर झालेत. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात भेटले, खांद्यावर हात ठेवून चार लोकांना सांगितलं, "हवा विकायचं सोल्यूशन घेऊन हा आला होता, मी तेव्हाच म्हटलं होतं, दम आहे यात." मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला, "आणि मशीन कोणाच्या नावावर होतं, साहेब?" साहेबांना काही कळलं नाही. आम्ही दोघं मात्र जेवणाच्या लाइनपर्यंत हसत होतो.