कोल्हापुरात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचंय, कॉन्ट्रॅक्टर कसा निवडावा?

तुम्ही नोकरीला पुण्यात, आई-वडील कोल्हापुरात, कळंब्याला दोन गुंठ्यांचा प्लॉट आणि हातात तीन कॉन्ट्रॅक्टरांचे दर. यातलं कुणाला काम द्यावं, असं विचारलंय.

सहा वर्षांपूर्वी फुलेवाडीकडं घर बांधताना मीही अशीच तीन कोटेशनं घेतली होती. स्क्वेअर फुटाला सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याच्या हातून नारळ फोडला, आणि मधेच त्याला नारळ द्यायची वेळ आली. प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट खाली होता. जोत्यात मुरूम भरायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "भराव दरात नाही, साहेब." पुढं पाण्याची टाकी दरात नाही, सेप्टिक टँक नाही, कंपाउंड नाही. मोजमापाला बसलो तर जिन्याची टोपी आणि छज्जेसुद्धा पूर्ण दरानं धरलेले! सगळं मिळून मधल्या दराच्या माणसाच्याही वर गेलं. म्हणून दर विचारण्याआधी दरात काय काय नाही, ते लिहून मागा. मोजमाप कसं धरणार, सिमेंट-स्टील कुठल्या कंपनीचं, फरशी किती रुपये फुटापर्यंतची, हेही त्यात येऊ दे. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधताय, तिथं बिल्डरांसाठीचा रेरा कायदा लागू होत नाही. ग्राहक आयोगाकडं जाता येतं, पण तिथंही आधी करारच बघतात.

आता माणूस कसा पारखायचा? त्यानं नुकतंच संपवलेलं काम बघू नका, रंग ओला असतो तोवर सगळीच घरं छान दिसतात. तीन पावसाळे काढलेलं घर दाखव म्हणा, आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्येच जा. कोल्हापूरचा पाऊस स्लॅबची, खिडकीच्या कडांची, पश्चिमेच्या भिंतीची बरोबर परीक्षा घेतो. बोलायचं ते घरातल्या बाईंशी. मालक "तसं बरं आहे" म्हणून मोकळा होतो. कुठल्या कपाटामागं ओल येते आणि बाथरूमचं पाणी कुठं तुंबतं, ते त्यांना पाठ असतं. काम संपल्यावर हा माणूस फोन उचलतो का, तेही विचारून घ्या.

पैसे टप्प्यानं द्या: पाया, जोता, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. टप्पा पुरा झाल्यावरच त्याचा हप्ता. "स्टीलचा भाव वाढतोय, आधी द्या" हे हमखास ऐकाल. तेव्हा दुकानदाराला परस्पर चेक द्या. शेवटची थोडी रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं करारातच घाला. कुरकुर होईल, होऊ दे.

आरसीसी डिझाइनवाला इंजिनिअर मात्र तुमचा असावा, कॉन्ट्रॅक्टरनं आणलेला नको. काँक्रीट ओतायच्या आधी सळ्या बघायला तो साइटवर येणार का, हे फी ठरवतानाच बोलून घ्या. प्लॉट महापालिकेच्या हद्दीत आहे की नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या, तेही बघा, परवानगी त्यानुसार. (कळंब्याला पंचगंगेच्या पुराची भीती नाही. पण नदीच्या बाजूला प्लॉट बघणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याच्या नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा बघितल्याशिवाय विसार देऊ नये. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, ते तिथला कुणीही भिंतीवर हात ठेवून दाखवेल.)

आणि तुम्ही पुण्यात राहणार म्हणून एक. नव्या काँक्रीटवर पाणी कोण मारणार, ते करारात लिहा. हल्ली बहुतेक घरांना पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात, त्याला किमान 10 दिवस ओल लागते. स्लॅबवर वाफे करून पाणी कोंडलं तर काम सोपं, पण कॉलमना गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवायला माणूस लागतोच. आमच्याकडं "मालक घरचेच आहेत, मारतील" असं धरलं गेलं आणि सत्तरीचे वडील आठवडाभर पाइप घेऊन शिडीवर चढत होते. मला कळलं ते शेजाऱ्याच्या फोनवरून.