दिवाळीची सहल हप्त्यांवर काढावी का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. दोघांचे मिळून महिन्याला १,३२,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ४६,८०० आहे. मुलगी ज्युनिअर केजीत असून ऑक्टोबरात पाच वर्षांची होईल. सगळा खर्च आणि १०,००० ची एसआयपी जाऊन महिन्याला १३,००० उरतात. नवऱ्याला दिवाळीला साधारण ९५,००० बोनस मिळतो. एका टूर कंपनीने भाऊबिजेनंतरची केरळची पाच रात्रींची सहल तिघांसाठी १,२६,००० ला सांगितली आहे, ‘नो कॉस्ट ईएमआय’वर महिना १०,५०० चे बारा हप्ते. सासूबाईंची इच्छा आहे की दसऱ्याला निदान पन्नास हजारांचं सोनं घ्यावं. सप्टेंबरअखेर कासला एक दिवस जायचं आहे (७,५००), गरब्याचे पास आहेत (३,६००), दिवाळीच्या घरखर्चाला २२,००० धरले आहेत. सहल हप्त्यांवर आणि सोनं बोनसमधून, हे बरोबर आहे का? की २,४०,००० ची एफडी मोडून सगळं रोखीने करावं?

उत्तर : एफडीचा प्रश्न आधी निकालात काढू. तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च एसआयपी वगळून १,०९,००० आहे. म्हणजे ही एफडी जेमतेम दोन महिन्यांचा आधार आहे आणि तो सहा महिन्यांचा असायला हवा. शिवाय मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे राहिले तेवढ्या दिवसांचा दर लावते आणि त्यातूनही सहसा अर्धा ते एक टक्का कापते. उद्या खरोखरच अडचण आली तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल) मिळतो, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. एवढं लक्षात ठेवा आणि एफडीला हात लावू नका.

आता हप्ते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली आहे. त्यामुळे बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट विक्रेता आधी देतो. तुमच्या १,२६,००० चा हिशेब वर्षाला १५ टक्के दराने मांडला तर मुद्दल १,१६,३०० च्या आसपास येतं आणि व्याज ९,७०० च्या आसपास. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खात्यावर पडतो, म्हणजे सुमारे १,७४०. प्रोसेसिंग फी २९९ धरली तर जीएसटीसह ३५३. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट झाली सुमारे २,१००. ही रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण यातून एक गोष्ट कळते : कंपनी १,१६,००० च्या आसपास घेऊन सहल द्यायला तयार आहे. एकरकमी भरले तर किती, हा प्रश्न त्यांना विचारलात का? बहुतेक जण विचारतच नाहीत.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हप्ते ऑक्टोबरात सुरू झाले तर पुढच्या सप्टेंबरात संपतात. महिन्याला उरणाऱ्या १३,००० मधून १०,५०० गेले की अडीच हजार राहतात, आणि त्या अडीच हजारांत एप्रिल-जूनची शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट आणि पुढचे गणपती यायचे. त्यातला एखादा खर्च कार्डावर जातो, बिल पूर्ण भरलं जात नाही, आणि मग थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. त्या महिन्यापासून नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एका सहलीपायी घराचं बजेट वर्षभर तंग राहतं ते असं.

दुसरा धोका सहल रद्द होण्याचा. पाच वर्षांच्या मुलीला निघायच्या आदल्या दिवशी ताप येणं काही अघटित नाही. कंपनीच्या अटींत शेवटच्या आठवड्यात रद्द केलं तर बहुधा काहीच परत मिळत नाही, पण बँकेचे हप्ते चालूच राहतात. काही परतावा आलाच तरी हप्त्याचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी परत येत नाही. रद्द करण्याचे टप्पे (तीस दिवस, पंधरा दिवस, सात दिवस) लेखी मागा. फोनवर ‘बघू, करू’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

आणि केरळ नोव्हेंबरच्या पूर्वार्धात? ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथे परतीच्या, ईशान्य मोसमी पावसाचा काळ. दुपारनंतर सरी, हाउसबोटीवर ताडपत्री, मुन्नारला धुकं. गर्दीचा भाव मोजून पावसाळा बघायला जायचं, हे मला पटत नाही. केरळ जानेवारीत छान असतं.

सगळा सण एका कागदावर मांडू. तुमच्या यादीची बेरीज २,०९,१०० होते. त्यात तुम्ही विसरलेले खर्च घाला : घरकामाच्या मावशींचा एक पगार ३,५००, वॉचमन, कचरा, दूध, पेपर यांची पोस्त २,५००, भाऊबीज आणि भाचरांची ओवाळणी ५,०००, दारावर येणारे आणि सोसायटीची वर्गणी १,०००. हे १२,००० दर वर्षी असतात आणि दर वर्षी कुठल्याच यादीत नसतात. एकूण २,२१,१००. समोर काय आहे? बोनसचे ९५,००० आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांची शिल्लक ३९,०००, म्हणजे १,३४,०००. ओढ ८७,१०० ची आहे. हप्त्यांनी ती भरून निघत नाही, पुढच्या वर्षावर ढकलली जाते, बस.

बोनसबद्दल एक समाधानाची बाब : नवऱ्याचा वर्षाचा पगार बोनस धरून १२,७५,००० च्या आत राहत असेल, तर नव्या करप्रणालीत त्यावर कर नाही. तरीही एचआरला विचारा, कारण बोनसच्या महिन्यात टीडीएस जास्त कापला जाऊन नंतर जुळवला जाणं सर्रास घडतं. एलटीएची (रजेतल्या प्रवासाच्या भत्त्याची) सूट नव्या प्रणालीत नाही. तिकिटं त्यासाठी जपून ठेवू नका.

मी सुचवतो ते असं. यंदा मालवण-तारकर्ली, स्वतः ठरवून, भाऊबिजेच्या लगेच नंतरचे गर्दीचे दिवस टाळून. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे सण पुढे गेलेत : दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, भाऊबीज ११ नोव्हेंबर. बुधवारी भाऊबीज झाली की रविवारपर्यंत अख्खं ठाणं कोकणात असतं. तुम्ही रविवारी १५ तारखेला रात्री निघा, गुरुवारी १९ ला संध्याकाळी परत फिरा. शाळेच्या सुट्टीचं पत्रक तेवढं पाहून घ्या. ज्युनिअर केजीचे दोन दिवस बुडाले तरी काही बिघडत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. १५ नोव्हेंबरच्या कोकणकन्याचं तिकीट १६ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता निघेल, म्हणजे गणपती घरात असताना. परतीचं २० सप्टेंबरला. हे चार दिवसांचं अंतर अनेकांच्या डोक्यातून जातं आणि जायचं तिकीट कन्फर्म, यायचं वेटिंग अशी गत होते. तुतारीने जाणार असाल तर आणखी एक खाचखळगा : ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे रविवारी रात्री निघणाऱ्याला १६ तारखेचं तिकीट हवं, १५ चं काढलं तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. मुलगी प्रवासाच्या दिवशी पाच पूर्ण असेल. स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर निम्मं. रात्रभराच्या प्रवासात बर्थ घ्याच. सासू-सासरे बरोबर येणार असतील तर ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका. एसटीत मात्र महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, पण घोडबंदर ते मालवण एसटीने म्हणजे कंबरेची परीक्षा.

खर्चाचा माझा अंदाज : थ्री एसीची जाऊन-येऊन तिकिटं ७,०००; तारकर्लीत तीन रात्री ३,५०० प्रमाणे १०,५००; जेवणं चार दिवसांची ७,२००; कुडाळ स्टेशनवरून रिक्षा आणि तिथलं फिरणं ५,०००; सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि खाडीतली फेरी वगैरे ४,०००; काजू, कोकम, खाजा, मसाला ३,०००. बेरीज ३६,७००, वर थोडी राखीव ठेवून ४०,०००. खोलीच्या भाड्यात जीएसटी आहे का ते विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, आणि घरगुती होमस्टेवाले बहुतेक वेळा तो लावतही नाहीत. ‘बारा टक्के टॅक्स’ कोणी सांगितला तर तो जुना दर आहे. आगाऊ रक्कम तीस टक्क्यांच्या वर देऊ नका.

सोन्याचं थोडं नाजूक आहे, कारण प्रश्न सासूबाईंचा आहे. पन्नास हजारांचा दागिना घेतला आणि घडणावळ १२ टक्के असेल, तर त्यात सोनं ४३,३०० चं असतं. उरलेले ६,७०० घडणावळ आणि ३ टक्के जीएसटीत पहिल्याच दिवशी गेले. दागिना अंगावर घालायचा असेल तर ठीक, तो त्याचा मोबदला आहे. पण ‘सणाला घरात सोनं यावं’ एवढीच इच्छा असेल तर वेढणं (सोन्याची साधी, बिननक्षीची अंगठी) घ्या. घडणावळ नावापुरती लागते आणि पुढे मुलीसाठी काही करायचं झालं तर तेच आटवता येतं. बँकेचं नाणं नको, बँका ते परत विकत घेत नाहीत. दागिना घेतलात तर पावतीवर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख) क्रमांक, सोन्याचं निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. सोन्याच्या खर्चाची मर्यादा २५,०००. आणि दसऱ्याऐवजी पाडव्याला घ्या. बोनस बहुतेक ठिकाणी दिवाळीच्या तोंडावर जमा होतो, २० ऑक्टोबरला तो हातात नसेल आणि मग पुन्हा कार्ड बाहेर निघेल. बलिप्रतिपदा साडेतीन मुहूर्तांतलीच आहे, तेव्हा सासूबाईंची हरकत नसावी. दसऱ्याला आपट्याची पानं पुरेत.

कास एका दिवसात करू नका. ठाण्याहून जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. गाडी लिटरला सोळा देते धरलं तर ३५ लिटर पेट्रोल, वर द्रुतगती मार्गाचे जाताना ३२०, येताना ३२० आणि साताऱ्यापर्यंतचे टोल. (वार्षिक फास्टॅग पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, तो राज्याचा रस्ता आहे.) अकरा-बारा तास गाडीत बसून मुलीला फुलं दिसणार तासभर. त्यापेक्षा पनवेलपुढचं कर्नाळा, नाहीतर एखाद्या शनिवारी पहिल्या लोकलने नेरळ आणि तिथून माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्या जात नाहीत, अमन लॉजहून मिनी ट्रेनची शटल असते, आणि मुलीच्या दृष्टीने सहल म्हणजे ती शटलच. गरब्याचे नऊ रात्रींचे पास पाच वर्षांच्या मुलीबरोबर दोन रात्री वापरले जातात. त्या दोनच रात्रींचे घ्या. टेंभी नाक्याची देवी, कोजागिरीचं गच्चीवरचं मसाला दूध, तलावपाळीवरची दिवाळी पहाट यांना पास लागत नाही. या सगळ्याला मिळून ६,०००.

म्हणजे मालवण ४०,०००, सोनं २५,०००, दिवाळी विसरलेल्या खर्चांसह ३४,०००, बारीकसारीक फिरणं ६,००० : एकूण १,०५,०००. तुमच्याकडे १,३४,०००. उरलेले २९,००० जूनच्या फीसाठी वेगळ्या खात्यात. बोनस कमी आला तर कात्री आधी सोन्याला लावा. तिकिटं आणि खोलीची आगाऊ रक्कम शिल्लकीतूनच जाणार आहे, त्यामुळे सहल बोनसवर अडत नाही.

केरळ सोडू नका. नोव्हेंबरपासून १३,००० पैकी ८,००० एफडीला जोड म्हणून टाका आणि ५,००० ची आवर्ती ठेव चालू करा. चौदा हप्त्यांत ७०,००० आणि वर व्याज जमेल. पुढच्या बोनसचा थोडा भाग घातला की जानेवारी २०२८ ची सहल रोखीने होते. तेव्हा याच कंपनीकडे गेलात तर पहिला प्रश्न एकरकमी भावाचा, दुसरा किमतीत जीएसटी धरलाय का याचा. मुलगी तेव्हा सीनिअर केजीत असेल, तरी तारखा शाळेच्या कॅलेंडरवरून ठरवाव्या लागतील. विमानाची तिकिटं काढण्याआधी ते हातात असू द्या.