ग्रामीण स्थानिक परिषद अक्षय ऊर्जा प्रकल्प कसे हाताळते?

गावाजवळ पवनचक्क्या किंवा सौर प्रकल्प येऊ घातला की परिषदेच्या हातात नेमके काय असते, असा प्रश्न आहे. विजेचा दर परिषद सहसा ठरवत नाही. जमिनीचा वापर, गावरस्ते आणि बांधकामाच्या अटी यांबाबत मात्र तिचे म्हणणे अनेक ठिकाणी विचारात घ्यावेच लागते. एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण दोन हेक्टर जमीन लागते, म्हणून सुपीक शेते वगळून पडीक जमीन आधीच सुचवून ठेवावी. पवनचक्कीच्या बाबतीत घरांपासूनचे अंतर, रात्रीचा आवाज आणि खिडकीवर फिरणारी पात्यांची सावली यांच्या मर्यादा परवान्यातच आकड्यांत लिहिलेल्या असाव्यात. पन्नास मीटरहून लांब पाते घेऊन आलेला ट्रेलर अरुंद वळणावर वळतो तेव्हा साइडपट्टी खचते, मोरीला तडा जातो. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी रस्त्याची छायाचित्रांसह पाहणी करून दुरुस्तीची लेखी हमी घ्यावी.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते प्रकल्प हटवण्याकडे. २५-३० वर्षांनी पॅनेल आणि काँक्रीटचे पाये काढायची वेळ येते तेव्हा मूळ कंपनी अस्तित्वात असेलच असे नाही, म्हणून त्या खर्चाची अनामत परवाना देतानाच घेतली पाहिजे.

परिषद स्वतः मालकही होऊ शकते. डेन्मार्कमधील साम्सो बेटाजवळ समुद्रात २००३ मध्ये सुरू झालेल्या १० पवनचक्क्यांपैकी ५ तेथील नगरपालिकेने घेतल्या. अशा वेळी परवाना तपासणारे आणि नफ्याचा हिशेब पाहणारे अधिकारी वेगळे असणे अत्यावश्यक आहे.