बारा तासांची पहिली अ‍ॅडव्हेंचर रेस: सराव नेमका कशाचा करावा?

तुम्ही विचारले आहे की, दोन महिन्यांनी तुम्ही चौघे बारा तासांच्या अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये पहिल्यांदाच उतरणार आहात. तिच्यात डोंगरातला पायी टप्पा, माउंटन बाइक आणि कयाकिंग आहे. मार्गावर खुणा नाहीत. नकाशा आणि होकायंत्र वापरून चेकपॉइंट शोधायचे आहेत. तुमच्यापैकी दोघे नियमित धावतात, एकजण चांगला सायकलपटू आहे आणि चौथ्या सदस्याला आपल्यामुळे संघ मागे पडेल अशी धास्ती वाटते. अशा स्थितीत उरलेले दोन महिने कोणत्या खेळाच्या सरावाला द्यावेत, हा तुमचा प्रश्न.

माझे मत असे की, कोणत्याही एका खेळातला वेग वाढवण्यासाठी हे दोन महिने खर्च करू नका. मी अनेक वर्षे अशा शर्यतींत भाग घेत आले आहे आणि आमच्या संघाचा वेळ पाय मंद पडल्यामुळे फार क्वचित वाया गेला. तो गेला डोंगराच्या चुकीच्या सोंडेवरून खाली उतरण्यात, ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाताना साहित्य बदलण्याच्या थांब्यावर, सामान शोधण्यात आणि आपल्याला बरे वाटत नाही हे एखाद्याने तासभर मनात ठेवण्यात. साधा हिशेब करून पाहा. दर तासाला सहा मिनिटे जरी तुम्ही कुठे ना कुठे उभे राहिलात, तरी बारा तासांत बहात्तर मिनिटे जातात, आणि ती भरून काढायची तर उरलेल्या वेळात सर्वांना सुमारे ११ टक्के अधिक वेगाने चालावे, वल्हवावे आणि सायकल हाकावी लागते. आधीच नियमित धावणाऱ्या माणसाला दोन महिन्यांत एवढी वाढ मिळणे अवघड आहे. थांबे कमी करणे मात्र प्रत्येक संघाला जमण्यासारखे आहे.

सर्वांत जास्त वेळ नकाशाला द्या. नकाशाचे प्रमाण १:२५,००० असेल तर चार सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, १:५०,००० असेल तर दोन सेंटीमीटर. हे डोक्यात इतके पक्के बसले पाहिजे की बोटाने अंतर मोजताना विचार करावा लागू नये. त्यानंतर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. रेषांमधले उंचीचे अंतर किती मीटरचे आहे हे नकाशाच्या कडेला दिलेले असते, ते सर्वांत आधी पाहावे, कारण दहा मीटरच्या नकाशाची सवय असलेला माणूस वीस मीटरच्या नकाशावरचा चढ निम्माच समजतो. खऱ्या उत्तरेत आणि होकायंत्राच्या उत्तरेत किती अंशांचा फरक आहे, तेही तिथेच लिहिलेले असते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे चार किलोमीटर अंतर आणि तीनशे मीटर चढ असेल, तर अठ्ठेचाळीस अधिक तीस, अशी अठ्ठ्याहत्तर मिनिटे. तुमचा संघ याहून जलद किंवा हळू असेल. दोन-तीन सरावांत आपला आकडा कळतो. या अंदाजाचा खरा फायदा असा की, ठरलेली वेळ उलटून गेली आणि चेकपॉइंट दिसत नसेल, तर आपण कुठेतरी चुकलो आहोत हे घड्याळच सांगते आणि ‘अजून थोडे पुढे असेल’ या आशेवर संघ आणखी किलोमीटरभर जात नाही.

नुसत्या होकायंत्राच्या भरवशावर सरळ रेषेत चालत जाणे नवशिक्यांना अचूक वाटते, पण पाच अंशांची चूक एका किलोमीटरवर जवळजवळ नव्वद मीटर बाजूला नेते, आणि झाडीत नव्वद मीटरवरचा चेकपॉइंट दिसत नाही. म्हणून ओढा, धार, कुंपण किंवा वीजवाहिनी अशा लांबवर जाणाऱ्या एखाद्या गोष्टीला धरून चालावे, चेकपॉइंटच्या जवळची एक ठळक, चुकता न येणारी जागा निवडावी आणि होकायंत्राचे बारीक काम तिथून पुढच्या शेवटच्या दोन-तीनशे मीटरसाठी राखून ठेवावे. ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर थेट पुलाच्या दिशेने निघू नये. मुद्दाम शंभर-दीडशे मीटर डावीकडे रोख ठेवावा, म्हणजे ओढा लागल्यावर उजवीकडे वळायचे हे आधीच ठरलेले असते. अंतर मोजण्यासाठी शंभर मीटरमध्ये आपला डावा पाय किती वेळा पडतो, हे सपाटीवर, चढावर आणि झाडीत वेगवेगळे मोजून ठेवा. सपाट जमिनीवर हा आकडा बहुतेकांचा साठ ते सत्तरच्या दरम्यान येतो आणि चढावर तो वाढतो.

आमची एक चूक इथे तपशिलाने सांगते, कारण तिच्यातून मी जे शिकले ते कोणत्याही सरावात शिकले नव्हते. एका माथ्यावरून दोन सोंडा खाली उतरत होत्या आणि सुरुवातीच्या शे-दीडशे पावलांपर्यंत त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसतच नव्हत्या. नकाशा माझ्या हातात होता, मागचा चेकपॉइंट लवकर सापडला होता आणि त्या आनंदात मी माथ्यावर थांबून होकायंत्र जुळवले नाही. आम्ही वेगाने उतरू लागलो. वाळलेल्या गवतावरून बूट घसरत होते, सगळ्यांची नजर पायाखाली होती आणि उजवीकडून ओढ्याचा आवाज येत होता. नकाशाप्रमाणे तो ओढा आमच्या डाव्या हाताला असायला हवा होता. हा आवाज सर्वांत मागे असलेल्या आमच्या सहकारी मैत्रिणीने पहिल्या पाच मिनिटांतच ऐकला होता. तिला शंकाही आली होती, पण नकाशा आपले काम नाही, मध्येच बोललो तर सगळ्यांना थांबावे लागेल, असे वाटून ती गप्प राहिली. आम्ही दोनशे मीटर खाली उतरलो, समोर अनपेक्षित कडा आला आणि तेव्हा मी नकाशा उघडला. पुन्हा माथ्यावर चढून योग्य सोंड धरेपर्यंत आमची पन्नास मिनिटे गेली होती.

त्या दिवसापासून आमच्या संघात दोन गोष्टी ठरल्या. नकाशा वाचणारीने अंगठा नेहमी नकाशावरच्या आपल्या जागी ठेवायचा आणि चालता चालता तो सरकवत न्यायचा. आणि संघातल्या कोणीही ‘थांबा’ म्हटले, तर नकाशा वाचणारीने जागीच थांबून आपण कुठे आहोत ते बोटाने दाखवायचे. दाखवता आले नाही, तर एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. या थांब्याला वीस सेकंद लागतात. तो थांबा वायफळ ठरला तरी कोणी कुरकूर करायची नाही, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एकदा कुरकूर ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

आता तुमच्या चौथ्या सदस्याविषयी. अशा शर्यतींत संघाने एकत्र राहायचे असते आणि सदस्यांमध्ये जास्तीत जास्त किती मीटर अंतर चालेल हेही बहुधा नियमावलीत दिलेले असते, त्यामुळे संघाचा वेग हा सर्वांत हळू सदस्याचाच वेग असतो. पुढे धावणाऱ्या दोघांकडे जी जादा ताकद आहे, तिचा पुढे जाऊन वाट पाहण्यात काहीही उपयोग नाही. ती ताकद मागच्या सदस्याकडे वळवली पाहिजे. पहिला मार्ग म्हणजे ओझे. त्याच्या सॅकमधले पाणी आणि जड सामान सुरुवातीच्या चढालाच दुसऱ्यांनी घ्यावे. तो पूर्ण थकेपर्यंत वाट पाहिली तर ओझे काढून फारसा फरक पडत नाही, आणि त्याला ते अपमानासारखेही वाटते. दुसरा मार्ग म्हणजे ओढदोरी: पुढच्याच्या कमरपट्ट्याला बांधलेली लवचीक दोरी, तिच्या टोकाला चटकन सुटणारा हूक. सायकलवर ती पुढच्याच्या सीटपोस्टपासून (सीटखालच्या दांड्यापासून) मागच्याच्या हँडलच्या मध्यभागापर्यंत येते. ती फक्त चढावर आणि सपाटीवर वापरावी, उतारावर कधीही नाही. ओढणाऱ्याने झटका न देता वेग वाढवणे आणि ओढून घेणाऱ्याने दोरी सैल न पडू देणे, या दोन्ही गोष्टी सरावाने येतात. रिकाम्या रस्त्यावर तासभर दिला तरी पुष्कळ प्रगती होते. चालताना त्या सदस्याला रांगेच्या शेवटी ठेवू नका. तो दुसऱ्या क्रमांकावर असला की पुढच्याला त्याचा श्वास ऐकू येतो आणि वेग आपोआप योग्य राहतो. पहिले दोन तास सर्वांना पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा.

कयाकच्या टप्प्याला धावपटू हमखास कमी लेखतात. दोघांच्या कयाकमध्ये दिशा सांभाळू शकणारा मागे बसावा आणि लय पुढच्याने ठरवावी, कारण मागच्याला पुढच्याचे वल्हे दिसते. वल्हे हातांनी खेचले तर खांदे लवकरच भरून येतात. कंबरेपासून धड फिरवून वल्हवायला शिकण्यासाठी एखाद्या जाणकाराकडे दोन सत्रे घ्या. उलटल्यावर कयाक न सोडणे, वल्हे हातात ठेवणे आणि पाण्यातून पुन्हा आत चढणे याचा सराव लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याजवळ, देखरेखीखाली व्हायलाच हवा. वारा असेल तर अंतर थोडे वाढले तरी किनाऱ्याच्या आडोशाने जावे. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत वारा लागला की शरीर झपाट्याने थंड होते. सुती कपडा ओलावा धरून ठेवतो, म्हणून तो शर्यतीत अंगावर नको आणि कपड्यांचा एक कोरडा थर ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ठेवलेला असावा.

सायकलविषयी थोडक्यात: पंक्चर काढणे चौघांनाही यायला हवे, चेन जोडण्याची क्विक लिंक आपल्या चेनला बसणारीच असावी आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) अनेक सायकल-मॉडेलांचा वेगवेगळा असल्याने ज्याचा त्याने एक जादा बाळगावा. सायकल खांद्यावर घेऊन चालण्याचाही एकदा सराव करा.

खाण्याच्या बाबतीत भूक लागण्याची वाट पाहू नका. दीर्घ श्रमांत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके बहुतेकांना पचतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेतले आणि पोटाला त्याची सवय लावली, तर ९० ग्रॅमपर्यंतही जाता येते. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि तो वाजला की सर्वांनी चालता चालता काहीतरी तोंडात टाकावे. पाच-सहा तासांनंतर गोड पदार्थ नकोसे होतात, म्हणून मिठाचे उकडलेले बटाटे किंवा तसे काहीतरी खारट जवळ ठेवा. पाण्याबाबत मात्र ‘जितके जास्त तितके चांगले’ हा समज घातक आहे. तहानेपेक्षा बरेच जास्त पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. बोटे सुजणे, डोके दुखणे, मळमळ आणि पुढे गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे धोक्याचे असते. शर्यत सोडून तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

ट्रान्झिशनचा सराव लोक करत नाहीत, आणि वेळ वाचवण्याची सर्वांत सोपी जागा तीच आहे. घरच्या अंगणात बॅगा मांडा, घड्याळ लावा, कयाकमधून उतरल्यापासून सायकलवर बसेपर्यंतची सगळी कृती करून पाहा. आमचा पहिला प्रयत्न एकोणीस मिनिटांचा होता. त्यानंतर प्रत्येक बॅगेच्या झाकणावर आतून कामांचा क्रम चिकटवला, आधी पायात घालायचे ते वर ठेवले, नकाशा वाचणारीला सामानाच्या कामातून मोकळे केले, आणि तेच काम सात मिनिटांत होऊ लागले.

सक्तीच्या साहित्यात शिटी असते. तिचा उपयोग सर्वांना माहीत हवा. डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकट-संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. मिनिटाला तीन शिट्या हे त्याचे उत्तर. दिवसा उजेडी संपवणार असलात तरी हेडलॅम्प आणि फॉइलचे ब्लँकेट सॅकच्या तळाशी पुरून ठेवू नका. नियमावलीही चौघांनी मिळून एकदा मोठ्याने वाचा. अनेक ठिकाणी जीपीएसला बंदी असते आणि फोन आणीबाणीसाठी सीलबंद ठेवावा लागतो. काही चेकपॉइंट ऐच्छिक असतील आणि उशिराबद्दल दंड असेल, तर कोणत्या वेळी माघारी वळायचे हे निघण्यापूर्वी, डोके ताजे असताना ठरवून नकाशावर लिहून ठेवा. शेवटच्या तासात तो निर्णय नीट घेता येत नाही.

तुमच्या सरावाची सुरुवात येत्या सुट्टीच्या दिवशी एखाद्या अनोळखी डोंगरावर चार तासांच्या पायी चालीने करा. संयोजक दोन नकाशे देत असतील तर दुसरा नकाशा चौथ्या सदस्याच्या हातात द्या, आणि या चालीपासूनच तशी सवय लावा. वाट दाखवण्याचे काम पहिल्याचे, आणि प्रत्येक माथ्यावर, प्रत्येक ओढ्यापाशी ती बरोबर आहे की नाही हे तपासून मोठ्याने सांगण्याचे काम त्याचे.