शेजारच्यांनी 'सगळ्या चर्चच्या' नाताळ कार्यक्रमाला बोलावलंय. मी ख्रिस्ती नाही, जाऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शेजारच्या काकूंनी शहरातल्या सगळ्या चर्चनी मिळून ठेवलेल्या नाताळच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलंय. ही वेगवेगळी चर्च एकत्र येऊन नेमकं करतात काय, तिथे हिंदू माणूस गेला तर चालतं का, आणि कुणी धर्मांतराचा विषय तर काढणार नाही ना?

मी नगरचा (कागदोपत्री आता अहिल्यानगर), चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) मंडळीतला. आमच्याकडच्या संयुक्त कार्यक्रमांत सतरंज्या उचलण्यापासून निवेदनापर्यंत सगळं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर: जा. बिनधास्त जा. मुलांनाही न्या.

आता 'सगळी चर्च' म्हणजे काय ते. बाहेरून बघणाऱ्याला सगळे ख्रिस्ती सारखेच वाटतात. आत आलात तर कॅथलिक, आम्ही सीएनआयवाले, मेथडिस्ट, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), केरळातून आलेली मार्थोमा मंडळी, शनिवारी उपासना करणारे सेव्हन्थ डे, शिवाय भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या स्वतंत्र मंडळ्या. कुणाकडे मिस्सा (कॅथलिकांची उपासना), कुणाकडे नुसती उपासना. कुणाचे फादर, कुणाचे पाळकसाहेब. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणतात, कॅथलिक घरात 'जय ख्रिस्त'. आमची सीएनआय सुद्धा मुळात एक चर्च नव्हतीच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन वगैरे सहा परंपरा एकत्र आल्या तेव्हा ती झाली. म्हणजे एकत्र येण्याची भांडणं आम्ही घरातच करून बसलोय.

कॅथलिकांसोबतचं येणंजाणं मात्र त्या मानाने नवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी (जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली मोठी बैठक) कॅथलिक माणसाला प्रोटेस्टंट, म्हणजे आमच्यासारख्या बिगर-कॅथलिक मंडळ्यांच्या, उपासनेत भाग घ्यायची मुभाच नव्हती. २१ नोव्हेंबर १९६४ ला परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरचा आदेश काढला आणि ऐक्यासाठी सर्वांनी मिळून प्रार्थना करणं हे इष्ट म्हटलं. पुढच्याच वर्षी इतर धर्मांविषयीचं निवेदन आलं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं, नंतर कॅथलिक मिशनरी आले, आणि दोन्हींचे लोक बहुतेक त्याच वस्त्यांतले, एकमेकांचे भाऊबंद. तरी जुन्या पिढीत दोघांत सोयरीक करायची म्हटली की घरात तोंडं वाकडी व्हायची. हल्ली होतात लग्नं. कुरकुर असते, पण ती कुठल्या लग्नात नसते?

एक गोष्ट मात्र अजून एकत्र होत नाही, ती म्हणजे प्रभूभोजन, ज्याला कॅथलिक कम्युनियन म्हणतात. भाकर आणि द्राक्षरसाचा तो विधी. कॅथलिक चर्चच्या नियमांप्रमाणे अपवाद सोडले तर तो कॅथलिकांनाच देता येतो. आमच्याकडे दुसऱ्या मंडळीच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदाला सहसा कुणी अडवत नाही. मुक्तिफौजेत तर हा विधीच नाही, बाप्तिस्माही नाही. त्यामुळे संयुक्त कार्यक्रम ठरवताना पहिली अट न बोलता पाळली जाते: त्यात प्रभूभोजन नसेल. गाणी, वाचन, प्रार्थना, नाटक, मिरवणूक, जेवण, रक्तदान हे सगळं एकत्र, वेदीपाशी मात्र आपापल्या घरी. तरुण पोरांना हा ढोंगीपणा वाटतो आणि दरवर्षी कुणीतरी तसं बोलून दाखवतं. मला तो वाटत नाही. जिथे पटत नाही तिथे पटल्यासारखं दाखवलं नाही, म्हणून तर हे कार्यक्रम टिकलेत. ज्या दिवशी कुणी उत्साहाच्या भरात सगळ्यांना एकाच वेदीपाशी रांगेत उभं करील, त्याच्या पुढच्या वर्षी निम्मे लोक येणार नाहीत.

वर्षभरात काय काय होतं? जानेवारीत, १८ ते २५, ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. बहुतेक देशांत याच तारखा; दक्षिण गोलार्धात तो बऱ्याचदा पेन्टेकॉस्टच्या सुमारास ठेवतात. १९०८ साली अमेरिकेत सुरू झाला, आणि १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. २०१३ साली ते भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केलं होतं. विषय बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातला, देवाला आपल्याकडून काय हवं आहे, आणि मध्यभागी दलितांवरचा अन्याय. आमच्यासारख्या मंडळ्यांना, जिथे बहुतेक घरं त्याच इतिहासातून आलीत, ते दूरचं वाटायचं कारणच नव्हतं. सप्ताहात रोज संध्याकाळी वेगळ्या चर्चमध्ये जमायचं आणि यजमान पाळकाने स्वतः उपदेश करायचा नाही, पाहुण्याने करायचा, अशी पद्धत. खरं सांगायचं तर गर्दी नसते. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी बरी असते, मधल्या दिवसांत पाळक, त्यांच्या घरची माणसं आणि आमच्यासारखी ठरलेली डोकी.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन. माझ्या मते वर्षातला सगळ्यात नीटनेटका संयुक्त कार्यक्रम हाच, कारण तो महिला मंडळांच्या हातात असतो आणि पुरुषांना फक्त टेबलं हलवायला बोलावतात. दरवर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची प्रार्थना लिहितात, आणि तीच त्या दिवशी जगभर म्हटली जाते. २०२१ ला वानुआतू, २०२४ ला पॅलेस्टाईन, २०२५ ला कूक बेटं. नगरजवळच्या भिंगारच्या एखाद्या मावशी नऊवारी सावरत माइकवर वानुआतूच्या वादळांबद्दल वाचताहेत, हे बघण्यासारखं असतं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूने वधस्तंभावरून (क्रुसावरून) काढलेल्या सात उद्गारांवर मनन असतं. प्रोटेस्टंट मंडळ्या बऱ्याचदा ते मिळून करतात, कारण सात उद्गार सात वक्त्यांत वाटून देता येतात. इथे खरी मुत्सद्देगिरी लागते. 'हे बापा, त्यांना क्षमा कर' हा पहिला उद्गार सगळ्यांना हवा असतो. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा चौथा कुणालाच नको असतो, कारण तो समजावून सांगणं अवघड. तो शेवटी सगळ्यात नव्या पाळकाच्या गळ्यात पडतो. प्रत्येकाला पंधरा मिनिटं सांगितलेली असतात. तिसऱ्या उद्गारापर्यंतच घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलेलं असतं, आणि आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात 'मला तहान लागली आहे' हा पाचवा उद्गार आला की मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघून ओठ दाबतात. कॅथलिकांचा स्वतःचा विधी त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास असतो, त्यामुळे ते सहसा यात नसतात.

आता तुमचा नाताळ. हा सगळ्यात मोकळा कार्यक्रम. प्रत्येक चर्चच्या गटाला दोन गाणी मिळतात. एक गट कीबोर्ड-गिटारवर इंग्रजी कॅरल म्हणेल, पुढचा ढोलकी-पेटीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं पद, मार्थोमावाले मलयाळम, आणि मुक्तिफौजेचा बँड वाजला की पुढच्या रांगेतली लहान मुलं कान झाकतात. मग ख्रिस्तजन्माचं नाटक. मेंढपाळ आमच्याकडे खरोखरच्या घोंगड्या आणि काठ्या घेऊन येतात, त्यासाठी वेगळी वेशभूषा करावी लागत नाही. दुष्ट राजा हेरोदाची भूमिका ज्याचा आवाज मोठा त्याला. नाटकाचं जमून येतं. घोळ होतो प्रमुख पाहुण्यांपाशी. कुणी पदाधिकारी तास उशिरा येतात, सत्कार, शाल, श्रीफळ, भाषण, आणि तोवर देवदूत झालेल्या मुली पंखांसकट पेंगायला लागतात. पाहुणे बोलवूच नयेत असं मी दरवर्षी बैठकीत म्हणतो. कुणी ऐकत नाही.

मध्ये एकदा सगळे उभे राहून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणतील. शेवटाकडे कान द्या. 'वाईटापासून सोडव' इथे कॅथलिक मंडळी सवयीने 'आमेन' म्हणून थांबतात आणि आम्ही 'कारण की राज्य' म्हणत पुढे जातो. क्षणभर अर्धं सभागृह गप्प, अर्धं चालू. मग फादरही हसून आमच्याबरोबर म्हणायला लागतात.

इतर धर्मांच्या लोकांचं म्हणाल तर त्यांचं येणं आम्हाला नवं नाही. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची (येशूची आई मरिया) यात्रा भरते, तिथे नवस बोलायला आणि फेडायला येणाऱ्यांना कुणी धर्म विचारत नाही. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, माहीमच्या चर्चमधला बुधवारचा नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) तुम्हाला माहीत असेलच. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला (चर्चमधल्या मरियेला) तर शिरगावच्या लईराई देवीची बहीणच मानतात, आणि फेस्ताला, म्हणजे तिच्या सणाला, हिंदू भक्त तेल घेऊन जातात. यातलं काहीच कुठल्या समितीने ठरवलेलं नाही.

उलट समितीने ठरवलेले 'सर्वधर्म' कार्यक्रम मला फारसे भावत नाहीत. व्यासपीठावर एक पंडितजी, एक मौलाना, एक फादर, एक ग्यानीजी. प्रत्येकजण आपला धर्म शांतीच सांगतो असं सांगतो, समई पेटते, फोटो निघतात, आणि कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. त्यापेक्षा रमजानमध्ये शेजारच्या मोहल्ल्यात इफ्तारला जाऊन बसणं बरं. निदान पोटभर गप्पा तरी होतात.

एकत्र खाण्यापिण्याचं मोल महाराष्ट्राने चांगलंच अनुभवलंय म्हणा. १८९० साली पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांची नावं छापून आली, त्यात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. एका कप चहासाठी! दुसऱ्या बाजूने बघायचं तर आमच्या रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही माणसांचा तो बंधुसंघ. मिशनमधल्या कित्येकांना तो पचला नाही. दोन वर्षांत टिळक गेले.

आता धर्मांतराची भीती. स्पष्ट लिहितो. सगळी चर्च सारखी नाहीत. काही स्वतंत्र मंडळ्या चंगाई सभा (आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थनेच्या सभा) घेतात, तिथे 'येशूला स्वीकारता का, हात वर करा' असं व्यासपीठावरून विचारतात. त्यांच्या दृष्टीने ते प्रामाणिक असतं, पण पाहुण्याची पंचाईत होते. संयुक्त नाताळ कार्यक्रमात हे होत नाही, निदान आमच्याकडे ते न करण्याचं ठरलेलं आहे. इतर मंडळ्यांचे सभासद समोर बसलेले असताना कुणी आपल्या चर्चची जाहिरात केली तर पहिलं भांडण ख्रिस्ती लोकांतच होईल. येशूविषयी बोलणं अर्थातच होईल, त्याचाच जन्मदिवस आहे. काकूंना आमंत्रणपत्रिका दाखवायला सांगा. त्यावर दोन-चार चर्चची नावं असतील तर निर्धास्त राहा.

बाकी व्यवहाराचं. चपला काढायच्या का, हे दाराशी बघून ठरवा. गावाकडच्या चर्चमध्ये काढतात, शहरात बहुधा नाही. प्रार्थनेच्या वेळी काही बायका पदर डोक्यावर घेतील, तुम्ही घेतलाच पाहिजे असं नाही. सगळे उभे राहिले की उभं राहा, म्हणायचं काही नसलं तरी चालतं. दानाची थैली फिरली तर पुढे सरकवा, टाकायचे असतील तर दहा-वीस रुपये टाका, कुणी बघत नाही. पुढेमागे नुसत्या मिस्सेला गेलात आणि लोक रांगेने वेदीकडे निघाले, तर जागेवरच बसा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

कार्यक्रमानंतर काकू घरी नेतीलच. केकबरोबर करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतील. आमच्याकडे नाताळचा फराळ असाच असतो. रिकाम्या हाताने जायचं नसेल तर दुकानातून मिठाईचा बॉक्स घ्या. फक्त देवापुढे ठेवलेला प्रसाद नेऊ नका. बरीच प्रोटेस्टंट घरं नैवेद्याचं खात नाहीत, आणि तुमचं मन मोडू नये म्हणून काकू तो नाही म्हणायच्या नाहीत, घेऊन ठेवतील आणि मग त्याचं काय करायचं या विचारात पडतील.