वॉरंटी संपली, हप्ते संपले नाहीत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची तासगावची, अडीच वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. १४ महिन्यांपूर्वी इथे मोबाइल नेटवर्कच्या दुकानातून २४ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर फोन घेतला. महिन्याला ३८ पौंड जातात. त्यातले २४ फोनचे, १४ सिमचे. गेल्या महिन्यात नाइट ड्यूटी संपवून लॉकर उघडला तर स्क्रीन काळी. फोन आतून जिवंत आहे, मेसेज आला की थरथरतो, पण दिसत काहीच नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, वॉरंटी १२ महिन्यांची होती, संपली. दुरुस्तीचे २४० पौंड पडतील, नाहीतर आजच नवीन फोनवर अपग्रेड करा. माझे अजून दहा हप्ते बाकी आहेत. मैत्रीण म्हणते, बँकेतून आपोआप हप्ता कापणारं डायरेक्ट डेबिट बंद कर, मग येतील शुद्धीवर. करू का? एक कबूल करते : मागच्या काचेला कोपऱ्यात बारीक तडा आहे. तो सहा महिन्यांपूर्वीचा आहे, त्यानंतर फोन नीट चालत होता.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : ताई म्हटलंस म्हणून अगं-तुगं करते, रागावू नकोस. सगळ्यात आधी, डायरेक्ट डेबिटला हात लावू नकोस. मैत्रिणीचा राग बरोबर आहे, पण उपाय अंगाशी येणारा आहे. हप्ता चुकला की नेटवर्क सिम बंद करतं आणि पुढे तुझ्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, ‘डिफॉल्ट’ची (हप्ता बुडवल्याची) नोंद जाते. ती सहा वर्षं तिथे राहते. उद्या घर घ्यायला मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, मागायला गेलीस तर बँक ती नोंद बघेल, तुझा बंद पडलेला फोन बघणार नाही. शिवाय आज चूक त्यांची आहे. हप्ता थांबवलास की त्यांना तुझ्याकडे बोट दाखवायला जागा मिळते.

आता त्या मुलाचं गणित बघू. दुरुस्तीचे २४०. फोनचे उरलेले हप्ते दहा गुणिले २४, म्हणजे तेही २४०. काळी स्क्रीन असलेल्या फोनपायी ४८० पौंड! आणि अपग्रेड म्हणजे तुझे उरलेले २४० माफ झाले असं समजू नकोस. ते आधी भरायला लावतात किंवा नव्या ऑफरमध्ये कुठेतरी मुरवतात, आणि वर नवी २४ महिन्यांची दोरी गळ्यात. त्या मुलाला दोष देत नाही मी. त्याला अपग्रेडचं टार्गेट असेल, ग्राहक कायद्याचं नाही.

तो खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. वॉरंटी संपली हे खरं. पण वॉरंटी ही फोन बनवणाऱ्या कंपनीनं स्वखुशीनं दिलेली असते, म्हणून तिची मुदतही तीच ठरवते. तुझा कायद्यातला हक्क त्याहून वेगळा, आणि तो बनवणाऱ्याकडे नाही, विकणाऱ्याकडे मागायचा. तुला फोन नेटवर्कच्या दुकानानं दिला, म्हणून जबाबदारी नेटवर्कची. ‘कंपनीकडे पाठवा’ म्हणाले तर गोड हसून नाही म्हणायचं. वॉरंटीचं कार्ड घरात असेल तर काढून बघ : तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या वॉरंटीमुळे तुमच्या कायदेशीर हक्कांना बाधा येत नाही. ती ओळ कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

२०१२ साली माझाच फोन असा १३व्या महिन्यात बसला. दुकानात ‘आउट ऑफ वॉरंटी’ ऐकलं आणि मी मुकाट्यानं ९५ पौंड मोजून आले. पुढे सल्ला केंद्रात स्वयंसेविका म्हणून जायला लागले, आणि प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले, एक वॉरंटीचा, एक कायद्याचा. मला तिथल्या तिथे ते ९५ पौंड आठवले. तेव्हा १९७९ चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट होता. तुला लागू आहे तो कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५. १ ऑक्टोबर २०१५ पासूनच्या खरेदीला तोच.

त्याचं कलम ९ म्हणतं की वस्तू समाधानकारक दर्जाची हवी, आणि दर्जात टिकाऊपणाही येतो. किती टिकावी याचा आकडा कायदा देत नाही. वस्तू कोणती, किंमत किती, वापर कसा, यावरून ठरतं. तुझ्या फोनचे २४ हप्ते म्हणजे ५७६ पौंड. एवढ्या किमतीचा फोन, त्यांनीच २४ महिन्यांच्या करारावर दिलेला, तो १४व्या महिन्यात डोळे मिटतो, हे समाधानकारक आहे का, हा तुझा प्रश्न. ‘काँट्रॅक्ट जितका, तितका फोन चालायलाच हवा’ असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, हेही लक्षात ठेव. युक्तिवाद म्हणून मात्र तो चांगलाच वजनदार आहे, तो पत्रात घाल.

‘युरोपात दोन वर्षांची गॅरंटी असते ना?’ असं तुला कोणीतरी सांगेलच. इंग्लंडमध्ये तो दोन वर्षांचा हिशेब कधीच नव्हता. इथे दावा लावायला सहा वर्षांची मुदत आहे (स्कॉटलंडमध्ये पाच). म्हणजे फोन सहा वर्षं टिकलाच पाहिजे असं नाही. न टिकणं गैर असेल तर तेवढ्या काळात दाद मागता येते, इतकंच.

इथवर सगळं तुझ्या बाजूचं. अडचण पुढे आहे, आणि बहुतेक लोक तिथेच हरतात. पहिल्या ३० दिवसांत दोष निघाला तर फोन परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत निघाला तर तो मुळातच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता हे दुकानानं सिद्ध करायचं. सहा महिन्यांनंतर पारडं फिरतं. दोष मुळातला होता हे आता तुला दाखवायचं आहे. १४व्या महिन्यात नुसतं ‘मी फोन पाडला नाही’ म्हणून भागत नाही. त्यात तुझ्या फोनला तडा. कागदावर ते पहिला शब्द लिहितील ‘फिजिकल डॅमेज’, दुसरा लिहायची गरजच नाही.

म्हणून तुझी सगळी केस एका कागदावर उभी आहे : तपासणीचा लेखी अहवाल. आधी नेटवर्कला पत्र लिही आणि त्यांनाच फोन तपासून निष्कर्ष लेखी द्यायला सांग. त्यांनी टाळलं किंवा तड्यावर ढकललं, तर नेटवर्कशी संबंध नसलेल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे जा. काय लिहून हवं ते त्याला नीट सांग : फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), तपासणीची तारीख, नेमका कोणता भाग गेला, आत पाणी शिरल्याची खूण आहे का, आणि मागच्या तड्याचा या बिघाडाशी संबंध आहे की नाही. शेवटचं वाक्य सोन्याच्या मोलाचं. फी आधी विचार. अहवाल तुझ्या बाजूनं आला तर ती रक्कम नेटवर्ककडे मागता येते. पण ‘उघडलाच आहे तर स्क्रीनही टाकून देतो’ म्हणाला तर थांबव त्याला. दुरुस्त झालेल्या फोनवर पुरावा उरत नाही. गेल्या वर्षी केंद्रात आलेल्या एका गृहस्थांनी नेमकं हेच केलं होतं. मला हळहळण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आणि अहवालात निघालं की आदळल्यामुळेच आतली जोडणी सैल झाली, तर भांडू नकोस. तिथे कायदा तुझ्या बाजूनं नाही. त्याऐवजी बँकेचे कागद काढ. महिन्याला फी घेणाऱ्या काही खात्यांबरोबर मोबाइलचा विमा येतो आणि लोकांना त्याचा पत्ता नसतो. तडे, आणि अनेकदा वॉरंटीनंतरचा बिघाडही, त्यात बसतो.

अहवाल चांगला आला असं धरू. मग मागायचं काय? पहिली मागणी कलम २३ खाली : फुकट दुरुस्ती किंवा बदली फोन, वाजवी वेळात, पोस्टाच्या खर्चासकट. एकदा दुरुस्ती करूनही तेच रडगाणं चालू राहिलं, तर कलम २४ खाली किंमत कमी करून घेता येते किंवा फोन परत करता येतो. त्या परताव्यातून १४ महिने वापरल्याचे पैसे ते कापू शकतात, त्यामुळे ५७६ च्या ५७६ परत येतील असं मनात धरू नकोस. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांचा शेवट बहुधा दुरुस्तीत किंवा रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या, फोनमध्ये होतो. तो मिळाला तर घे. सिमचे १४ पौंड यात आणू नकोस, सेवा चालू होती.

पत्र दुकानाच्या काउंटरवर नाही, नेटवर्कच्या तक्रार विभागाला, ईमेलनं. चॅटवर बोललीस तर खिडकी बंद करण्याआधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे संभाषणाची लेखी प्रत, जपून ठेव. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या, म्हणजे एकत्र खरेदी करणाऱ्या ग्राहकांच्या, संघात होती. दर महिन्याला आमच्या डोंबिवलीच्या घरात धान्याची पोती उतरायची, चाळीतल्या बायका वाटण्या करायच्या, आणि वाटप संपलं तरी आई एक चिठ्ठी फेकायची नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं. आम्ही हसायचो. आता मी केंद्रात प्रत्येकाला तेच सांगते, फक्त डब्याच्या जागी ईमेलचा फोल्डर.

नेटवर्क बधलं नाही तर? तुझे फोनचे २४ आणि सिमचे १४ वेगवेगळे दिसताहेत, म्हणजे फोनचा बहुधा स्वतंत्र क्रेडिट ॲग्रीमेंट, म्हणजे उधारीचा करार, असेल. कागद उघडून बघ. तसं असेल तर अंतिम उत्तरासाठी त्यांना आठ आठवडे दे, आणि त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे कर्ज-बँकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जा. तुला खर्च शून्य. सगळा एकच करार असेल तर नेटवर्क ज्या तंटानिवारण योजनेचं सभासद आहे तिचं नाव त्यांच्या तक्रारींच्या पानावर असतं. वाट बघण्याआधी ‘डेडलॉक लेटर’ मागितलंस, म्हणजे ‘आमचं हेच शेवटचं म्हणणं’ असं लेखी घेतलंस, तर लवकर पुढे जाता येतं. कोर्ट अगदी शेवटी. १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम (छोट्या रकमेचा दावा), वकील लागत नाही, ३०० ते ५०० पौंडांच्या दाव्याला फी ५० पौंड. दावा लावण्याआधी १४ दिवसांची नोटीस दे. पुष्कळदा तेवढ्यावरच फोन येतो. कुठे अडलीस तर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची ग्राहक हेल्पलाइन, ०८०८ २२३ ११३३.

एक राहिलं. तुझं भारतातलं सिम त्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत असणार, आणि तासगावच्या बँकेचा ओटीपी त्यावर येत असणार. ते आजच काढून कुठल्याही जुन्या फोनमध्ये घाल. हे प्रकरण दोन-तीन महिने चालू शकतं.

प्रश्न : पुण्याच्या दुकानातून १८ महिन्यांच्या बिनव्याजी ईएमआयवर फोन घेतला. १५व्या महिन्यात तो आपोआप बंद-चालू व्हायला लागला. अकराव्या महिन्यातही असाच झाला होता, तेव्हा सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर टाकून परत दिला. आता म्हणतात, मदरबोर्ड बदला, वॉरंटी नाही. तुम्ही विलायतेतले सांगता, आम्ही काय करावं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : काका, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : अकराव्या महिन्यातही असाच झाला होता. इंग्लंडसारखं ‘सहा महिन्यांपर्यंत दोष दुकानानं खोडायचा’ असं कलम आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. वॉरंटीनंतर पहिल्यांदाच बिघडलेल्या फोनमध्ये उत्पादन दोष दाखवणं म्हणूनच जड जातं. पण तुमचा बिघाड वॉरंटीत सुरू झाला होता आणि दुरुस्ती धड झाली नव्हती. तुम्ही म्हणायचं ते एवढंच.

हप्ते मात्र भरत राहा. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, तिला मदरबोर्डशी देणंघेणं नाही, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचं बिघडेल. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे झालं पाहिजे. दुकान, फोनची कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

आणि अकराव्या महिन्यातली ती जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरनं दिलेली दुरुस्तीची नोंद, शोधा. सापडत नसेल तर सर्व्हिस सेंटरला आजच ईमेल करून तिची प्रत मागा.